संकेतस्थळावरची खोली

"वाच," शाळेचा चेअरमन म्हणाला. "मोठ्यान वाच."

मुख्याध्यापिकेच्या खोलीत चार खुर्च्या होत्या. दोन भरलेल्या, दोन रिकाम्या. मला बस असे कोणी म्हटले नव्हते. मी बहात्तर वर्षांचा, उभा होतो. चेअरमन माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने आपला मोबाइल माझ्या हातात दिला नाही. मेजावरून पुढे ढकलला. म्हणजे मला वाकणे भाग पडले.

पडद्यावर शाळेचे संकेतस्थळ होते. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शाळेत कोणत्या सोयी आहेत, त्याचे पान. पानाच्या मध्यभागी माझ्या नातीचा फोटो. खाली इंग्रजी मजकूर.

मी चष्मा लावला. सुरुवात केली. "द... स्कूल... प्रो... प्रोव्हा..."

तिथेच अडलो. दारात उभा असलेला कारकून हसला. मोठ्याने नाही. नाकातून.

"सोड," चेअरमन म्हणाला. "तुका जावचें ना. हांव सांगतां. खास खोली आसा म्हणून बरयलां. खास टीचर आसा म्हणून बरयलां. मंगळवार आनी शुक्रवार शिकयतात म्हणून बरयलां. फोटो तुज्याच नातीचो. आनी तूं म्हणटा, शाळेन कांय करूंक ना?"

मग त्याने फाइल उघडून एक कागद काढला आणि एका सहीवर बोट ठेवले.

"शाळेन ही सोय दिवपाक काडली. पालकांनी नाका म्हणून सांगलें. ही सय कोणाची?"

सही माझी होती.

"मार्चांत दाखलो घे आनी तिका पणजेक व्हर," तो म्हणाला. "थंय आसात तसल्या भुरग्यांच्यो शाळा."

मुख्याध्यापिका म्हणाली, "आजोबा, मनाला लावून घेऊ नका. मुलीच्या भल्यासाठीच सांगतो आहोत."

मी बाहेर आलो. दाराला लागून असलेल्या बाकावर माझी नात दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. सहावीतली मुलगी. तिने सगळे ऐकले होते. फाटकाबाहेर आल्यावर तिने विचारले,

"आजो, तुका पण तसांच होता? अक्षरां हलतत?"

"नाय गे," मी म्हटले. "माझी हलनत नाय. माका ती भाषा येणा नाय."

"बाई पण तशीच सांगतत," ती म्हणाली. "उभी रव. मोठ्यान वाच. मगे सगळी हसतत."

पाच मिनिटे. मी त्या खोलीत उभा राहिलो ती फार तर पाच मिनिटे. तेवढ्यात मला मेज धरावे लागले होते. ही मुलगी जूनपासून रोज उभी राहत होती आणि घरी येऊन मला म्हणत होती, पोटात दुखते.

या प्रसंगाच्या तीन हकिकती गावात फिरतात. पहिली, म्हाताऱ्याने चेअरमनवर हात उगारला. खोटे. माझे दोन्ही हात मेजावर टेकलेले होते, नाहीतर मी पडलो असतो. दुसरी, म्हातारा पिऊन गेला होता. धादांत खोटे. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही आणि हे सांगणाऱ्यांनी तो भरपूर घेतलेला आहे. तिसरी हकीकत अशी की शाळेने माझी सही फसवून घेतली. तीही खोटी. ती मीच पसरवली होती.

म्हणून आता नीट सांगतो.

माझा बाप सावंतवाडीकडून गोव्यात आला. सुर्ल्याच्या खाणीवर डोक्यावरून खनिज वाहिले. झोपडी बांधली ती भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत, म्हणून आम्ही त्याचे मुंडकार, आश्रित कूळ. तो भाटकार म्हणजे आजच्या चेअरमनचा आजा. बाप त्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, हात जोडून उभा राहायचा. त्या घरात कदेले, म्हणजे खुर्च्या, भरपूर होत्या. बापाच्या वाट्याला त्यांतले एकही कधी आले नाही. पुढे कायद्याने घराखालची जमीन आमच्या नावावर झाली. पण त्या घराच्या तोंडातला "तू" काही गेला नाही. तो नातवापर्यंत पोचला. अजूनही त्यांच्या लेखी आम्ही भायले, बाहेरून आलेले. साठ वर्षे इथल्या मातीत राबून भायले.

मी सातवीपर्यंत मराठी शिकलो. पण माझे मराठी पाहून वस्तीतले सगळे लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येत. रेशनचा, विजेचा, जमिनीचा. माझा एकही अर्ज भाषेसाठी परत आलेला नाही. हा माझा अभिमान होता. हाच अभिमान पुढे नडला.

नोकरी केली ती खनिजाचे नमुने घेण्याची. आधी सुर्ल्याला, मग आमोण्याच्या धक्क्यावर, जिथे खनिज बार्जमध्ये भरले जाई. ढीग किती टन आहे ते कोणीही सांगेल. त्यात लोखंड किती आणि माती किती, हे नमुन्यावरून ठरते. ढिगाचे तोंड नेहमी सजवलेले असते. चांगला माल वर, दर्शनी. म्हणून नमुना वरून उचलायचा नसतो. फावड्याने हातभर आत जायचे, तेही चार बाजूंनी, आणि मग पिशवी भरायची. पिशवीचे तोंड दोऱ्याने बांधायचे. प्रत्येकाची गाठ वेगळी. माझी गाठ सोडून पुन्हा तशीच बांधणारा माणूस त्या धक्क्यावर नव्हता. मालकाचा माणूस आणि खरेदीदाराचा माणूस, दोघेही ती गाठ बघून माना डोलवत.

असा मी. आणि माझ्या नातीच्या बाबतीत मी ढिगाचे तोंड पाहून फसलो.

तिला वाचता येत नाही, म्हणजे ती मठ्ठ नाही. सोयरीक, हिशेब, कोणाची म्हैस कोणाच्या शेतात शिरली, सगळे तिच्या तोंडपाठ. फक्त छापलेली ओळ तिच्यासमोर स्थिर राहत नाही. पणजीच्या सरकारी डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले. तिला वेगळ्या रीतीने शिकवावे लागेल, शाळेला सांगा, म्हणाले. आम्ही सांगितले. जुलैत एक दिवस तिला वर्गातून बोलावून नेले. व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत बसवले. समोर रंगीत अक्षरांचे पुठ्ठ्याचे पत्ते, मागे हिरवा पडदा. एक बाई तिचा हात धरून अक्षरावरून फिरवू लागल्या. फोटो काढले.

पोर उडत घरी आली. "आजो, आज बाई माझ्या एकटीसोबत बसली. माका एक ओळ वाचूक इली."

दुसऱ्या दिवशी ती त्या खोलीकडे गेली. कुलूप होते. तिसऱ्या दिवशीही. मग जाणे तिने थांबवले.

मी मात्र संकेतस्थळावरचे ते पान मोबाइलवर उघडले, त्याचा फोटो काढून ठेवला आणि गावभर दाखवला. देवळात, पाववाल्या पोदेराकडे, बसथांब्यावर. बघा, माझ्या नातीची शाळा. बघा, काय सोय आहे. इंग्रजीत काय लिहिले आहे, कोणी विचारले नाही. विचारले असते तर सांगता आले नसते.

ऑगस्टमध्ये मुख्याध्यापिकेने मला बोलावले. त्या दिवशी तिने खुर्ची दिली, चहा दिला. "आजोबा, फाइलसाठी एक सही," म्हणाली आणि इंग्रजी कागद पुढे केला. तिने घाई केली नाही. कागद झाकला नाही. उलट विचारले, "वाचून दाखवू?"

मी म्हटले, "नको. मी वाचतो."

आणि मी वाचल्याचे सोंग केले. ओळींवरून डोळे फिरवले. प्रयोगशाळेच्या चिठ्ठ्यांवरचे आयर्न, सिलिका, मॉइश्चर, लॉट हे शब्द मला वाचता येतात. त्या कागदावर त्यांपैकी एकही नव्हता. पानाच्या शेवटी मान हलवली आणि झोकदार सही केली. वस्तीचे अर्ज लिहिणारा माणूस मुख्याध्यापिकेसमोर "मला येत नाही" म्हणणार नव्हता.

नमुना न घेता मी पिशवी बांधली. फसवले तर त्यांनी होतेच. पण दार मी उघडून दिले.

नोव्हेंबर आला तरी ती खोली नातीसाठी उघडली नाही, म्हणून शाळेने काहीच केले नाही अशी तक्रार घेऊन मी गेलो, तेव्हा ते 'वाच' झाले. त्या दिवशी घरी आल्यावर मी सुनेला सांगितले की सही फसवून घेतली. मुलगा हरमलच्या किनाऱ्यावर टॅक्सी चालवतो, पर्यटकांच्या हंगामात तिकडेच राहतो. घर सून चालवते. बारावी शिकलेली, तोंडाने तिखट. तिने दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्या कागदाचा फोटो आणला, वाचला आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबांनू, ह्या कागदार मोठ्या अक्षरांत लिवलेला असा, पालक ही सोय नाकारतत. तुमी वाचून सही केल्यात?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"तुमका वाचूक येणा नाय, तर माका कित्याक नाय दाखवलात? मी काय परकी?"

मी चष्मा पुन्हा लावला.

"पोरीक रोज उभी करतत, तर ती निदान रडता तरी. तुमी तर सोंग केलात."

बहात्तर वर्षांत मला कोणी असे बोलले नव्हते. चेअरमनने केलेला अपमान मी गिळू शकत नव्हतो, कारण तो खोटा होता. सुनेने केलेला गिळावा लागला, कारण तो खरा होता. घरात बसवेना, बाहेर जाववेना. बाहेर लोक विचारत, काय, फोटोतली खोली कशी आहे? दाखला न्यावा तर पोरीचे शिकणे तिथेच संपणार. सहावीच्या मुलीला रोज दोन बस बदलून पणजीला नेणारे आमच्या घरात कोणी नाही. न न्यावा तर ती रोज उभी राहणार. आणि तक्रार करावी तर कागदावर माझीच सही.

त्याच आठवड्यात मी पेटी उघडली. तळाशी धक्क्यावरचे पांढऱ्या दोऱ्याचे रीळ होते.

शाळा सुटायच्या वेळी नातीला आणायला मी रोज जात असे. व्हरांड्याच्या टोकाला गेलो. कुलपाच्या कडीतून आणि कोयंड्यातून दोरा फिरवला आणि माझी गाठ मारली. दोरा तोडल्याशिवाय ते दार उघडणार नाही, अशी.

शिपायाने पाहिले. त्याचा बाप माझ्याबरोबर धक्क्यावर होता.

"काका, ह्या काय करतास?"

"नमुनो घेतंय."

"कसलो?"

"खोलयेचो."

तो हसला. "चावी चेअरमनाच्या घराकडे असता. सरस्वतीपूजनाक मखर काढूक तेवढी खोली उघडतत. आता फुडल्या वर्षा."

"तू काय बघूक नाय."

"माका डोळेच नाय, काका," तो म्हणाला आणि घंटेकडे गेला.

नोव्हेंबर गेला. डिसेंबर, जानेवारी. मंगळवारी बघितले, शुक्रवारी बघितले, मधल्या वारी बघितले. दोरा आपल्या जागी. त्यावर धूळ चढली. मग एका कुंभारमाशीने गाठीवरच मातीचे घर बांधायला घेतले. गाठीवरून ते किल्लीच्या भोकावर गेले. बोटाएवढे, घट्ट, सुकलेले. मी त्याला हात लावला नाही.

फेब्रुवारीत पालकांची सभा झाली. शनिवार. ट्रकवाले, शेतीवाल्या बाया, दोन-चार नोकरदार. चेअरमन बोलला. शाळेची सगळी माहिती संकेतस्थळावर आहे, आमचे काही लपवलेले नाही, म्हणाला. टाळ्या पडल्या. मी उठलो.

"त्या संकेतस्थळावरचे एक पान वाचायला हवे," मी म्हटले. "विशेष मुलांच्या सोयींचे. मागे माझ्याकडून वाचून घेतले होते. मला जमले नाही. आज तुम्ही वाचा. मोठ्याने."

तो हसला. त्याने वाचले. सफाईने. पाण्यासारखे इंग्रजी.

मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "मराठीत सांगा गे बाई. आमका पण कळांदे." तिच्या मुलाच्या कानाला यंत्र आहे. मुख्याध्यापिकेने मराठीत सांगितले. खास खोली. खास शिक्षिका. दर मंगळवारी आणि शुक्रवारी.

"काल शुक्रवार होता," मी म्हटले. "खोली उघडा."

चावी इथे नाही, असे उत्तर आले.

"चावी नको. कुलूप बघायला चला."

सून सर्वांत आधी उठली. मग ती यंत्रवाल्या मुलाची आई. मग खुर्च्या सरकल्या. तीसेक माणसे त्या टोकाला उभी राहिली. मी बोटाने दाखवले. दोरा. गाठ. तिच्यावर मातीचे घर.

"हा दोरा मी नोव्हेंबरात बांधला," मी म्हटले. "त्यानंतर हे दार उघडलेले नाही."

"काल बांदलो आसतलो हाणें," चेअरमन म्हणाला.

यंत्रवाल्या मुलाच्या आईने कुलपाशी वाकून पाहिले. "आनी ह्या कुंभारणीचा घर? ता पण त्येंनीच बांधल्यानी, कालच्या काल?"

लोक हसले. माझ्याकडे बघून नाही. त्याच्याकडे बघून. माझ्या बापाने हे हसू ऐकले असते तर त्याला भीती वाटली असती. मला वाटली नाही. लोक दारावर धक्के देऊ लागले तेव्हा शिपायाला चावी आणायला पाठवण्यात आले. त्याने मातीचे घर फोडले, मी माझ्या हाताने दोरा कापला, दार उघडले. आत मोडकी बाके, सिमेंटच्या गोण्या, सरस्वतीचे मखर. हिरवा पडदा अजून टांगलेला होता, आणि त्याच्यापुढे फोटोपुरती दोन हात मोकळी जागा. मेजावर अक्षरांचे पत्ते जुलैत मांडले होते तसेच पडलेले. माझी नात गर्दीतून पुढे आली आणि तिने त्यांतला एक उचलून फ्रॉकला पुसला.

इथे गोष्ट संपवणारे लोक आहेत. म्हातारा जिंकला, म्हणतात. ही चौथी खोटी हकीकत.

पुढे काय झाले ते असे. मुलांसाठी खोली काही सुरू झाली नाही. आठवड्याभरात संकेतस्थळावरून ते पानच काढून टाकले. आता तिथे लिहिले आहे, माहिती तयार होत आहे. मला पत्र आले की मी शाळेच्या मालमत्तेशी छेडछाड केली, आणि मार्चअखेर मुलीचा दाखला न्यावा. दरवाजे शोभेचे नसतात हे सांगणारा माणूस मालमत्तेचा गुन्हेगार ठरला.

ज्या बाईने वाकून पाहिले होते, ती आमच्या घरी आली. मला वाटले, शाबासकी द्यायला.

"काका, तुमी बरा केलात," ती म्हणाली. "पण ता पान खोटा असला तरी व्हता. त्येच्यार बोट ठेवन उद्या मी म्हटलां असतंय, ह्या लिवलास तर द्या. आता बोट खंय ठेवू?"

त्या रात्री मला जेवण गेले नाही. ती बरोबर होती. शाळेने जे लिहून जाहीर केले, तेवढेच आमच्या हातात होते. खोटे लिहिले, तर खोटे धरता येत होते. आता लिहिलेच नाही. कोरे पान धरता येत नाही. त्यांना खोली उघडण्यापेक्षा पान पुसणे सोपे गेले.

पण पुसलेले पान माझ्याकडे आहे. गावभर मिरवायला मी ज्याचा फोटो काढून ठेवला होता, तेच. माझ्या मूर्खपणाने ते जपून ठेवले.

सून आणि मी तीन संध्याकाळ बसलो. तिने एकेक इंग्रजी शब्द फोडून सांगितला, मी मराठीत लिहिला. मग तीन कागद तयार झाले. एक, त्या पानाची प्रत. दोन, त्याचे मराठी. तीन, माझा जबाब, शिक्षण खात्याच्या नावे. त्यात मी लिहिले की नकाराच्या कागदावरची सही माझीच आहे, ती मी न वाचता केली, वाचता येत नाही हे सांगायची लाज वाटली म्हणून केली, आणि आज ती मी मागे घेतो. शाळेने आपल्या सोयींचे पान पुन्हा लावावे. मराठीत लावावे. फाटकावर लावावे. खोली आहे तर आहे, बंद आहे तर बंद, शिक्षिका नाही तर नाही. जे आहे तेच. आणि कधी मिळेल, त्याची तारीख.

सून म्हणाली, "सहयेच्या आधी वाचा, बाबांनू."

मी उभा राहून वाचले. मोठ्याने. इंग्रजी पानही वाचले, बोट ओळीखाली ठेवून, अडखळत. प्रो... प्रोव्हाइड्स. नात समोर बसली होती. ती हसली नाही आणि मीही घाई केली नाही. मग सही केली.

जबाब खात्यात दिला आहे, पोच घेतली आहे. दोन्ही पानांच्या प्रती शाळेच्या फाटकावर लावल्या आहेत. फाडतील. पुन्हा लावीन. झेरॉक्सवाल्याकडे मूळ ठेवले आहे. ज्यांना माझी हकीकत वेगळी सांगायची असेल त्यांनी ती कागदावर लिहून खाली सही करावी, मग बोलू.

दाखला मी नेणार नाही. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी नात वर्गात जाईल आणि मी व्हरांड्याच्या टोकाला त्या दारासमोर बसेन. मला कोणी बस म्हणायची वाट पाहणार नाही. कदेल मी घरून नेणार आहे. दाराला पुन्हा कुलूप असेल, हे मला ठाऊक आहे.

दोऱ्याचे रीळ अजून अर्धे शिल्लक आहे.